घर नसलेल्या माणसाचं कुत्रं कागदावर कुठे सापडतं?

२८ फेब्रुवारी २०११ च्या रात्री जनगणनेचे प्रगणक देशभर फुटपाथ, रेल्वेचे फलाट, उड्डाणपुलाखालच्या जागा, देवळांचे मंडप आणि रस्त्याकडेला पडलेले सिमेंटचे मोठे पाइप असं सगळं फिरत होते. बेघरांची मोजणी एकाच रात्रीत उरकायची असते, कारण सकाळ झाली की ही माणसं तिथे असतीलच असं नाही. त्या रात्रीच्या मोजणीत देशात सुमारे १७ लाख ७३ हजार आणि महाराष्ट्रात सुमारे २ लाख ११ हजार बेघर माणसं नोंदली गेली.

आता दुसरा कागद घ्या. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात भटकी कुत्री सुमारे १ कोटी ५३ लाख निघाली, महाराष्ट्रात पावणेतेरा लाखांच्या आसपास. पाळीव कुत्री मोजायची ती घरोघरी जाऊन, आणि ज्यांना कुणाचं घर नाही ती भटकी.

मग दादर स्टेशनबाहेर गोधडीत झोपलेल्या म्हाताऱ्याच्या पायाशी जे कुत्रं झोपतं, त्याला कुठे टाकायचं? ते एखाद्या कुटुंबाच्या नावावर नाही, म्हणून पाळीव नाही. पण त्याला हाक मारणारा, आपल्यातली अर्धी पोळी देणारा, पावसात त्याला प्लास्टिकखाली ओढून घेणारा माणूस आहे, मग ते भटकं कसं? एका कागदावर घर नसलेला माणूस आहे, दुसऱ्यावर मालक नसलेलं कुत्रं आहे. दोघांमधलं नातं मात्र कुठल्याच कागदावर नाही.

संशोधनाची तयारी करणाऱ्या बऱ्याच जणांचा मला एक प्रश्न असतो, 'रिसर्च गॅप शोधायचा कसा?' आराखड्यात 'या विषयावर आजवर काम झालेलं नाही' असं एक वाक्य टाकलं की काम भागलं, असा समज आहे. तेवढ्याने भागत नाही. काम का झालं नाही, हे सांगता आलं पाहिजे. बेघर माणसं आणि त्यांची कुत्री हा विषय मी इथे त्यासाठीच घेतला आहे. माझी एमएस्सी प्राणिशास्त्रातली, त्यामुळे इतिहासात शिरताना मी प्राण्याच्या बाजूने शिरतो. ही सवय इथे उपयोगी पडते.

पहिल्यांदा काळाचा क्रम नीट लावून घेऊ. आपल्या डोक्यात क्रम असा असतो की आधी घर आलं, मग घरात कुत्रं आलं, आणि ज्यांचं घर गेलं त्यांच्याकडे कुत्रं चुकून राहिलं. जीवशास्त्र आणि पुरातत्त्व उलटं सांगतात. जर्मनीत बॉनजवळच्या ओबरकासेल इथे १९१४ साली खाणीत काम करताना एक पुरुष, एक स्त्री आणि एका कुत्र्याचे अवशेष सापडले. ते सुमारे १४ हजार वर्षांपूर्वीचे आहेत, म्हणजे शेतीच्या कितीतरी आधीचे. त्यातली कुत्र्याची हाडं कित्येक वर्षं संग्रहालयात लांडग्याची म्हणून पडून होती. ती कुत्र्याची असल्याचं १९७० च्या दशकात ओळखलं गेलं. (जुन्या संग्रहातल्या खोक्यांवरची लेबलं वाचायला शिका, हे मी प्रत्येकाला सांगतो.) नंतर २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याच्या दातांवरच्या खुणा तपासल्या गेल्या. ते साधारण सात महिन्यांचं पिल्लू होतं आणि त्याआधी काही आठवडे डिस्टेंपरसारख्या जीवघेण्या आजाराने पुन्हा पुन्हा आजारी पडलं होतं. कुणी ऊब दिली नसती, पाणी पाजलं नसतं, घाण साफ केली नसती, तर ते तेवढं जगलंच नसतं, असा अभ्यासकांचा निष्कर्ष होता. आजारी पिल्लू शिकारीच्या काहीच कामाचं नव्हतं. तरी ते जपलं गेलं, आणि माणसांसोबत पुरलं गेलं.

ही माणसं आजच्या जनगणनेत आली असती तर बेघर ठरली असती. कुत्रं माणसाकडे आलं तेव्हा माणसाकडे उंबरठा नव्हता. म्हणजे बेघर माणसाचं कुत्रं हा अपवाद नाही. जुनी व्यवस्था तीच आहे, आणि गळ्यात पट्टा असलेलं, घरपट्टी भरणाऱ्या घरातलं कुत्रं ही नंतरची गोष्ट. काश्मीरमधल्या बुर्झहोमच्या नवाश्मयुगीन दफनांमध्ये कुत्री सापडली आहेत. आपल्याकडे शिरूर तालुक्यातल्या इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीत गाई-बैल, शेळ्या-मेंढ्यांबरोबर कुत्र्याचीही हाडं मिळाली. तिथपासून कुत्रं वस्तीत आलं, पण वस्तीबाहेरच्यांची साथ त्याने सोडली नाही.

लेखी साधनांत यातलं काय उतरतं? आमच्या वैशाखऱ्याहून चढून गेलं की नाणेघाट लागतो. तिथल्या लेण्यातला सातवाहनांचा ब्राह्मी लेख म्हणजे यज्ञ आणि त्यांत दिलेल्या दक्षिणेची लांबलचक यादी. गाई आहेत, घोडे आहेत, हत्ती आहेत, कार्षापण नाणी आहेत. कुत्रं नाही, असायचं कारणही नाही, कारण कुत्रं दक्षिणेत देत नाहीत. पण त्याच घाटाने माल नेणारे तांडे रात्री मुक्कामाला थांबत असतील तर त्यांच्याभोवती राखणीला काय असेल, याचा अंदाज कुणालाही येईल. आता सावध राहायला हवं. हा अंदाज आहे, पुरावा नाही. प्रबंधात तो 'असावं' या क्रियापदाबरोबरच गेला पाहिजे. मात्र यादीत काय नाही हे नोंदवणं आणि का नाही हे विचारणं, हे पूर्ण वैध काम आहे. देण्याघेण्याची, विकण्याची, कर लावण्याची जी वस्तू असते ती राजाच्या लेखात येते. सोबत येत नाही.

तेराव्या शतकातलं 'लीळाचरित्र' मराठी गद्याचा आरंभीचा ग्रंथ. चक्रधरस्वामी स्वतः एका जागी न राहणारे, गावोगाव फिरणारे. त्यांच्या एका लीळेत शिकारी आणि त्यांची कुत्री एका सशाच्या मागे लागतात आणि ससा स्वामींच्या आश्रयाला येतो. आपण ही गोष्ट अहिंसेची म्हणून वाचतो, आणि ती आहेच. पण माझ्यासारख्याची नजर कुत्र्यांवर जाते. कुत्री आहेत ती शिकाऱ्यांबरोबर. म्हणजे सातशे वर्षांपूर्वीच्या मराठी मुलुखात रानात फिरणारा माणूस आणि त्याचं कुत्रं ही जोडी ऐकणाऱ्याला समजावून सांगावी लागत नव्हती.

देवांच्या बाबतीतही तसंच. दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात. त्यांना चार वेद म्हणायची पद्धत आहे, पण वेद म्हणण्याआधी ती कुत्रीच आहेत आणि दत्त हा घर नसलेला अवधूत आहे. खंडोबाबरोबर कुत्रं असतं आणि त्याचे वाघ्ये स्वतःला त्याची कुत्री म्हणवतात. कुत्र्यासारखं भुंकत कोटंब्यातून खाण्याची त्यांची प्रथा ब्रिटिशकालीन नोंदींमध्ये आढळते. खंडोबा, बिरोबा, म्हस्कोबा ही धनगरांची दैवतं. गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकाने आयुष्यातली कितीतरी वर्षं महाराष्ट्रात फिरून धनगरांच्या ओव्या आणि कथा गोळा केल्या, त्या यामुळेच मोलाच्या आहेत. फिरस्त्या माणसाच्या बाजूने सांगितलेला इतिहास तिथे मिळतो. गॅझेटियर वाचून झालं असेल तर सोन्थायमर वाचा, आणि वाचताना समासात जनावरांची वेगळी यादी करत जा.

इथवरची साधनं नात्याकडे लक्ष देत नाहीत, पण ते तोडतही नाहीत. तोडण्याचं काम कायद्याने केलं, आणि त्यासाठी मुंबईला जावं लागतं.

ब्रिटिश मुंबईत उन्हाळ्याच्या ठरावीक दिवसांत मोकाट कुत्री मारण्याचा नियम होता. १८३२ मध्ये ही मुदत वाढवली गेली आणि कुत्र्यामागे आठ आणे इनाम होतं. आठ आणे ही गरीब माणसाला तेव्हा लहान रक्कम नव्हती. पारशी धर्मात कुत्र्याला फार मोठं स्थान आहे. मृतदेहाला कुत्र्याची नजर दाखवण्याचा, सगदीदचा, विधी आहे. ६ जून १८३२ रोजी कुत्री मारणाऱ्यांवर पारशी जमाव चालून गेला आणि दुसऱ्या दिवशी शहर बंद पडलं. दुकानं मिटली, इंग्रजांच्या वस्तीला आणि छावणीला होणारा पुरवठा थांबला, शेवटी लष्कर आणावं लागलं. मुंबईच्या इतिहासातला हा आरंभीचा मोठा बंद, आणि तो कुत्र्यांवरून झाला. यानंतर दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभॉय आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरापोळ उभा राहिला. मारली जाणारी कुत्री आणि डुकरं ठेवायला जागा मिळाली.

या घटनेवर चांगलं संशोधन झालं आहे आणि ते मुख्यतः पारशी समाज आणि कंपनी सरकार यांच्या संबंधांवर आहे. साधनंच तशी आहेत. अर्ज करणारे, जामीन देणारे, न्यायाधीशासमोर उभे राहणारे हे पेढ्या-बंगलेवाले लोक होते. अर्जाला पत्ता लागतो. १८३२ ची मुंबई मात्र नुसत्या पेढ्यांची नव्हती. गोदीवर ओझी उचलणारे, दुष्काळात घाटावरून उतरलेले, देवळाबाहेर बसणारे, उघड्यावर झोपणारे हजारो होते, आणि ज्यांना 'मोकाट' म्हणून मारलं ती कुत्री याच लोकांच्या आसपास राहत होती. त्यांच्यापैकी कुणाला काय वाटलं? काहींनी आठ आण्यांसाठी काठी उचललीही असेल. आपल्याला ऐकू येत नाही. १८३२ चा दंगा कागदावर ठसठशीत दिसतो तो कुत्र्याला सांस्कृतिक मालक मिळाला म्हणून. ज्या कुत्र्याला नुसता सोबती होता त्याच्यासाठी बंद झाला नाही.

पांजरापोळची दुसरी बाजूही पाहा. मी त्याला नावं ठेवत नाही, ते दयेचंच काम होतं आणि आहे. पण तिथून एक घडी बसली, कुत्र्याला कुत्र्यांच्या निवाऱ्यात पाठवायचं आणि माणसाला माणसांच्या. पुढे मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा, १९५९ आला. त्यात निर्वाहाचं दिसेलसं साधन नसताना सार्वजनिक जागी भटकणं हेही भीक मागण्याच्या व्याख्येत बसतं. म्हणजे हात पसरला नाही तरी चालतं, नुसतं तिथे असणं पुरे. याच व्याख्येत भिक्षा मिळवण्यासाठी जखम, व्यंग किंवा रोग दाखवणं येतं, मग ते माणसाचं असो की जनावराचं. कायद्याला बेघर माणसाजवळचं जनावर दिसतं, पण भीक मागण्याचं साधन म्हणून. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये या कायद्यातली भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमं दिल्लीपुरती रद्द केली. कुत्र्यांच्या बाबतीत १९५१ चा मुंबई पोलीस कायदा आहे. त्यात जाहीर नोटीस काढून ठरावीक मुदतीत रस्त्यावर फिरताना आढळणारी मोकाट कुत्री मारण्याची मुभा आहे. दोन्ही कायदे शेजारी ठेवून वाचा. रस्त्यावर फिरताना आढळणं हा दोन्हीकडचा आरोप आहे.

मराठीतही बघा, 'भटकी' कुत्री आणि 'भटक्या' जमाती. शब्द एकच. इंग्रजी राजवटीने १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला, १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यातही पसरला, आणि पारधी, कैकाडी, भामटा अशा कितीतरी समाजांना जन्मानेच गुन्हेगार ठरवून हजेरी, परवाने आणि तारेच्या कुंपणातल्या वसाहती लावल्या. सोलापूरची वसाहत सगळ्यांना माहीत आहे. १९०८ मध्ये एम. केनेडी या पोलीस अधिकाऱ्याने मुंबई इलाख्यातल्या 'गुन्हेगार वर्गांवर' पोलिसांसाठी हस्तपुस्तिका काढली. प्रत्येक समाज कसा ओळखावा, त्याची बोली कोणती, वेष कसा, पालं कशी, बरोबर काय असतं, हे तिच्यात आहे. मला हे पुस्तक वाचताना दरवेळी अंगावर काटा येतो, आणि तरी ते वाचावं लागतं, कारण संशयाने पाहणाऱ्या डोळ्यांनी बरंच काही टिपलेलं असतं. ज्या बिऱ्हाडाकडे दुसरं कुणी निरखून पाहिलं नाही त्याच्याकडे पोलिसाने पाहिलं. हेतू वाईट होता. नोंद उरली. अशी साधनं वापरताना नोंद घ्यायची आणि तिचा निवाडा बाजूला ठेवायचा, हे लिहायला सोपं आहे. करताना प्रत्येक विशेषणाशी झगडावं लागतं. ३१ ऑगस्ट १९५२ ला हे समाज विमुक्त झाले. विमुक्तांच्या बाजूची साधनं मिळायला मात्र त्यांची आत्मकथनं यायची वाट पाहावी लागली. लक्ष्मण माने यांचं 'उपरा' १९८० चं, दादासाहेब मोरे यांचं 'गबाळ' १९८३ चं. ही पुस्तकं आपण साहित्याच्या पेपरसाठी वाचतो. ती एकदा इतिहासाची साधनं म्हणूनही वाचा.

आता विज्ञानाकडे येतो, कारण तिथेही तोच रिकामा रकाना वेगळ्या रूपात आहे. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांचा १९८३ चा निबंध पर्यावरण शिकणाऱ्या प्रत्येकाने वाचावा असा आहे. एकाच मुलुखात फिरणाऱ्या शिकारी समाजांनी रान कसं वाटून घेतलं होतं, हे त्यात दाखवलं आहे. फासेपारधी फास लावून हरणं आणि पक्षी पकडत. वैदू लहान मांसभक्षक प्राणी आणि पाण्यातले जीव पकडत. तिरुमल नंदीवाल्यांचं वैशिष्ट्य म्हणजे कुत्री. कुत्र्यांच्या मदतीने ते रानडुक्कर, साळिंदर, घोरपड यांची शिकार करत. एकाच्या ताटात दुसऱ्याने हात घालायचा नाही, अशी ही अलिखित वाटणी.

हा निबंध मला अतिशय आवडतो. पण त्यात कुत्रं फासासारखंच येतं, एक साधन म्हणून, आणि त्या प्रश्नासाठी तेवढंच पुरेसं होतं. फास मात्र आजारी पडत नाही. फासाला पिल्लं होत नाहीत. मुक्काम हलवताना फास मागे राहिला तर तो धावत येत नाही. ज्याला घर नाही त्याला आपल्या वाट्याचं अन्न कुत्र्याबरोबर वाटून घ्यावंसं का वाटतं, हा प्रश्न निशच्या भाषेत पूर्ण मावत नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकारीच्या व्याख्येत मारणं, पकडणं, फास लावणं यांबरोबर जनावरामागे कुत्री सोडून पाठलाग करणंही आलं. वन्यजीवांसाठी हा कायदा हवाच होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्याचा एक परिणाम असा की फिरस्त्या माणसाजवळचं कुत्रं आता संशयाचं कारण झालं. बंगलेवाला कुत्रं घेऊन जंगलाकडेच्या फार्महाऊसवर गेला तर तो फिरायला गेला. नंदीवाला गेला तर शिकारीला.

आमच्या मुरबाड-शहापूरला हे अनोळखी नाही. कातकऱ्यांचं नावच काथावरून पडलं. खैरापासून काथ करणारे ते कातकरी. जंगल सरकारजमा झाल्यावर तो धंदा गेला. आज दिवाळीनंतर बयाणा घेऊन कुटुंबं वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडाशी परत येतात. भट्टीवर राहायला भोंगा. याच भोंग्यांवरून त्या मुलांच्या शाळांना भोंगा शाळा नाव पडलं. टेम्पोत भांडी, गोधड्या, कोंबड्या आणि पोरं चढतात तसं कुत्रंही चढतं. जिथे झोपडी उभी असते ती गावाकडची जागाही पुष्कळदा दुसऱ्याच्या नावावर असते. आता पहिल्या परिच्छेदातली तारीख आठवा. फेब्रुवारीची अखेर म्हणजे भट्टीचा ऐन हंगाम. भोंग्यातलं कुटुंब बेघर धरायचं की घरवालं? आणि त्यांचं कुत्रं गावाच्या हिशेबात धरायचं, भट्टीच्या, की भटकं?

धनगरांचं उदाहरण थोडं वेगळं. नगर-पुण्याकडून मेंढरं घेऊन घाट उतरणाऱ्यांची गावाकडे घरं असतात, पण वर्षातले कितीतरी महिने ती मागे असतात. भाताच्या मोकळ्या खाचरांत शेतकरी खतासाठी मेंढरं बसवून घेतो. रात्री वाघर लावली की आत मेंढरं, घोड्यावरून उतरवलेलं बिऱ्हाड शेजारी, आणि भोवती कुत्री. हे बेघरपण नाही, याला फिरस्तं घर म्हणावं लागेल, आणि त्याच्या भिंती म्हणजे कुत्री. मेंढराची विक्री, लोकरीचा भाव, खताच्या बदल्यातलं धान्य यांचे हिशेब सापडतील. कुत्रं विकलं जात नाही, त्यामुळे हिशेबाच्या वहीत ते नाही. नाणेघाटच्या यादीतही ते याच कारणाने नव्हतं.

बाहेरच्या देशांत या विषयावर काम झालं आहे. अमेरिकेतल्या समाजशास्त्रज्ञ लेस्ली आयर्विन यांनी बेघर लोकांच्या मुलाखती घेऊन २०१३ मध्ये पुस्तक लिहिलं. त्याच्या नावाचा अर्थ साधारण 'माझं कुत्रं नेहमी आधी जेवतं' असा. तिथे बेघर माणसाला येणारे-जाणारे ऐकवतात की तुझी स्वतःची सोय नाही, मग कुत्रं कशाला पाळतोस? त्यावर ही माणसं मालकीचा अर्थच बदलून टाकतात. तुमचं कुत्रं दिवसभर घरात कोंडलेलं असतं, माझं चोवीस तास माझ्याबरोबर असतं, मग चांगला मालक कोण? हे विश्लेषण सुंदर आहे, पण ते जसंच्या तसं उचलून मुंबईला लावू नका. हा मोह फार होतो, कारण तयार चौकट मिळाली की आराखडा पटकन होतो. तिथे रस्त्यावर मालक नसलेलं कुत्रं सहसा राहूच दिलं जात नाही, म्हणून सगळा वाद मालकीवर येतो. आपल्याकडे बहुतेक वेळा कुत्रं आणि माणूस रस्त्यावर वेगवेगळे आलेले असतात आणि तिथे एकमेकांना भेटतात. कोलकात्याच्या आयसरमधल्या अनिंदिता भद्र यांच्या गटाने रस्त्यावरच्या कुत्र्यांवर प्रयोग केले. अनोळखी माणसाने वारंवार खाऊ दिला त्यापेक्षा वारंवार कुरवाळलं तेव्हा कुत्र्यांनी अधिक विश्वास टाकला, असं त्यांना २०१७ च्या अभ्यासात दिसलं. देण्यासारखं फारसं काही नसलेल्या माणसाकडे कुत्रं का टिकतं, याचं उत्तर इथून शोधता येईल. प्रयोग बेघर माणसांवर केलेला नाही, एवढं ध्यानात ठेवून.

नातं गोड करून लिहू नका, ही पुढची सूचना. उघड्यावर झोपणाऱ्याला कुत्रं चावण्याचा धोकाही जास्तच. चावल्यावर रेबीजची लस एका सुईत संपत नाही. ठरावीक दिवसांच्या अंतराने चार-पाच वेळा यावं लागतं. ज्याचा मुक्काम आठवड्यात हलतो, ज्याला रात्री पोलीस उठवतात, जो भट्टीवर उचल फेडतोय, तो त्याच दवाखान्यात त्याच तारखांना कसा येणार? फिरस्त्यांचा इतिहास हा लसीच्या वेळापत्रकाचाही इतिहास आहे, आणि सार्वजनिक आरोग्यात काम करू पाहणाऱ्या कुणीतरी तो लिहायला हवा.

आजचे नियमही याच नजरेने वाचा. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनुसार पकडलेलं कुत्रं नसबंदी आणि लसीकरण करून जिथून पकडलं तिथेच सोडायचं असतं. नियम चांगला आहे. पण तेवढ्या दिवसांत पुलाखालची माणसं हटवली गेली, तर कुत्रं परत येतं ती जागा तीच असते, माणूस नसतो. कुत्र्यांना खायला घालण्याची सोय कुणी करायची? रहिवासी संघटना, इमारत मालकांची संघटना किंवा स्थानिक संस्थेचा प्रतिनिधी, असं नियम सांगतो. जो त्यांना रोज खायला घालतो त्या फुटपाथवरच्या माणसाचं नाव त्यात नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली भटकी कुत्री निवाऱ्यांत हलवण्याचा आदेश दिला आणि अकरा दिवसांनी तो बदलला. तेव्हा टीव्हीवर प्राणिप्रेमी होते, सोसायट्यांचे पदाधिकारी होते, वकील होते. १८३२ सारखंच, बोलणारे सगळे पत्तेवाले.

हा विषय कुणी घेणार असेल तर कामाच्या दोन गोष्टी. मुलाखतीत 'तुम्ही कुत्रं पाळता का?' असं विचारू नका. 'पाळणं' हा घरवाल्यांचा शब्द आहे. ज्याला स्वतःलाच कुणी राहू देत नाही त्याला हा प्रश्न तपासणीसारखा वाटतो आणि उत्तर 'नाही' येतं. 'हे कुणाबरोबर असतं?', 'रात्री राखणीला कोण?', 'याला काय म्हणून हाक मारता?' असं विचारा. नाव असेल तर ते कुणी ठेवलं, त्याच्या आधीचं कुठलं होतं, ते कुठे मेलं, हे विचारत गेलात की माणूस स्वतःच्या मुक्कामांचा क्रम सांगू लागतो. ज्याच्याकडे रेशन कार्ड नाही, भाडेपावती नाही, त्याच्या आयुष्यातल्या तारखा अशा लागतात. कुठलं कुत्रं कुठल्या पुलाखाली होतं, यावरून.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. फिरस्त्या समाजात कुत्र्याबद्दल बोलणं सुरू झालं की शिकारीचा विषय निघतोच, आणि लोक विश्वासाने सांगतात. १९७२ च्या कायद्याखाली ते बोलणं त्या माणसाविरुद्ध जाऊ शकतं. तुमच्या वहीत गाव, वस्ती, नाव, तारीख आणि जनावर एका ओळीत आलं, तर ती केनेडीच्या पुस्तिकेची पुढची आवृत्ती होईल. गाईडशी बोलून आधीच ठरवा की काय लिहायचंच नाही. ठिकाण तालुक्याच्या पातळीपर्यंतच ठेवा, माणसांना वहीत पहिल्या दिवसापासून टोपणनावं द्या, आणि रेकॉर्डर बंद करायला सांगितला तर तो समोर बंद करून बाजूला ठेवा. विद्यापीठाच्या नीतिसमितीच्या अर्जात यासाठी रकाना नसेल तर वेगळा कागद जोडा.